मरणावरची पुस्तकं मागितलीस म्हणून

फोंडा, गोवा

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

"धीर देणारं नको, खरं असेल ते दे," असं तू फोनवर म्हणालीस, ते माझ्या मनात घर करून बसलं आहे. आजीचं बारावं आटोपून तू पुण्याला गेलीस, कामालाही लागलीस, पण रात्री उशिरापर्यंत जागी असतेस हे तुझ्या मेसेजच्या वेळा सांगतात. "एवढं राबायचं, एवढं जमवायचं, आणि शेवटी काय?" हा तुझा प्रश्न. तुला तो पडला याची मला काळजी वाटत नाही. तू तो एकटीने, दार लावून, स्वतःलाच विचारत बसतेस, याची वाटते. म्हणून पुस्तकांचं पार्सल रात्रीच्या बसने पाठवते आहे, आणि कुठलं कसं वाचावं हेही सोबत लिहिते. आयुष्यभर मराठी शिकवलं. पुस्तक हातात देताना दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

मरणाविषयीची पुष्कळ पुस्तकं मी अर्ध्यावर मिटली आहेत. मरणाला पहिल्याच पानावर 'सुंदर प्रवास' म्हणणारी तर लगेच. आजीच्या पायांची सूज, पाठीवरची जखम, रात्रीचं कण्हणं हे मी रोज पाहिलं आहे. त्यात सुंदर काही नव्हतं. जी पुस्तकं मी पुरी केली आणि पुन्हा पुन्हा उघडली, त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसत गेली. मरणाऱ्या माणसाइतकंच त्याच्या उशाशी कोण आहे, यावर लेखकाचं लक्ष असतं. कोण बसलंय, कोण बसायला कचरतंय, कोण तोंडावर खोटं बोलतंय, कोण मुकाट्याने पाय चेपतंय. तूही तिथेच नजर ठेवून वाच.

सुरुवात टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू'ने कर. १८८६ सालची छोटीशी कादंबरी. सुट्टीच्या एका दिवसात वाचून होईल. इव्हान इलिच हा न्यायखात्यातला बडा अधिकारी, पंचेचाळिशीचा. सगळं चारचौघांत शोभेलसं: बढत्या, पत्त्यांचे डाव, नवं घर. त्या घराचे पडदे कसे लावायचे ते कामगाराला दाखवायला तो स्वतः शिडीवर चढतो, पाय घसरतो, आणि खिडकीची मूठ कुशीत लागते. एवढंच. थोडं काळंनिळं होतं, तो विसरूनही जातो. मग तोंडाला विचित्र चव, कुशीत ठणका, आणि तिथून खाली खाली. पडदा लावताना! टॉलस्टॉयने कारण मुद्दामच इतकं क्षुल्लक ठेवलं असावं. त्या घरासाठी, त्या पडद्यांसाठी तर तो सगळा खटाटोप चाललेला होता.

गोष्ट सुरू होते ती मात्र मरणानंतर. कोर्टातले सहकारी पेपरात त्याच्या निधनाची बातमी वाचतात, आणि प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आता त्याच्या जागेवर कोण जाईल आणि त्याने आपलं काय भलं होईल. ते पान वाचताना मला आपली आजी आठवली. सकाळी पेपर आला की चष्मा लावून ती श्रद्धांजलीचं पान आधी उघडायची. तू हसायचीस तिला. पण ओळखीचा चेहरा दिसला की त्याच दिवशी ती त्या घरी निरोप पाठवायची, पाय चालत होते तोवर स्वतः जायची आणि तिथे फारसं न बोलता तासभर बसून यायची. बातमी एकच, पण वाचणाऱ्यावाचणाऱ्यात केवढं अंतर!

इव्हान इलिचने लहानपणी तर्कशास्त्रात पाठ केलेलं असतं: कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसपुरतं ते त्याला पटलेलंही असतं. पण तो थोडाच कायस! त्याला आई होती, त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा चामडी चेंडू होता, त्या चेंडूचा वास कायसला कुठे ठाऊक होता? हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण आपण सगळे असंच धरून चालतो. मरण खरंच, पण दुसऱ्याचं.

आणि मग येतो गेरासिम. घरची मंडळी, मोठमोठे डॉक्टर, सगळे 'तुम्ही फक्त आजारी आहात, बरे व्हाल' हे नाटक नेटाने चालवतात. त्या खोटेपणाचा त्याला दुखण्याहून जास्त जाच होतो. खेड्यातून आलेला हा तरुण नोकर तेवढा नाटकात नाही. तो त्याची घाण काढतो, कपाळाला आठी नाही. पाय उंच धरले की कळ कमी वाटते असं मालक म्हणतो, तर हा त्याचे पाय स्वतःच्या खांद्यांवर घेऊन रात्र काढतो. आपल्यालाही कधीतरी मरायचंच आहे, मग एवढं करायला काय झालं, असं सरळ बोलतो. बाय, गेरासिमला पुस्तकात जागा थोडीच आहे. पण मोठमोठ्या कादंबऱ्यांचे नायक मला आठवावे लागतात, हा मात्र आपणहून आठवतो.

हे लिहिण्याच्या काही वर्षं आधी टॉलस्टॉयलाच तुझा प्रश्न पडला होता. पन्नाशीचं वय, जगभर नाव, जमीनजुमला, मुलंबाळं, आणि तरी 'पुढे काय?' त्याच्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनात एक पौर्वात्य गोष्ट येते: श्वापदाच्या भीतीने एक वाटसरू विहिरीत उडी घेतो, तळाशी अजगर, मध्येच एका फांदीला लटकतो, ती फांदी एक काळा आणि एक पांढरा उंदीर कुरतडत आहेत, आणि पानांवरचे मधाचे थेंब हा चाटतो आहे. ही गोष्ट आपली. महाभारताच्या स्त्रीपर्वात, सगळे पुत्र गमावून बसलेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. तिथे विहिरीच्या तोंडाशी सहा तोंडांचा, बारा पायांचा हत्तीही आहे, म्हणजे सहा ऋतू आणि बारा महिने. कुठून कुठे ती रशियात पोचली! ती इतकी नेमकी आहे की एकदा वाचली की सुटत नाही. पण मला ती पुरती पटत नाही. त्या विहिरीत माणूस एकटाच लटकलेला आहे. त्याला हाक मारणारं कुणी नाही, त्याने हाक मारावी असंही कुणी नाही. असं एकटं टांगलेलं आयुष्य मी तरी फारसं पाहिलेलं नाही. रात्री दोन वाजता तुला ते तसं दिसत असेल, हे मात्र समजू शकते.

दुसरं पुस्तक अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल', २०१४ सालचं. गवांदे अमेरिकेत सर्जन, पण मूळ घर महाराष्ट्रातल्या उटी गावात. त्यांचे आजोबा सीताराम गवांदे शंभरी उलटल्यावरही रात्री घोड्यावर बसून शेताला फेरी मारत. एकशेदहाच्या घरात असताना कोर्टाच्या कामासाठी निघाले, बसमधून उतरताना पडले, डोक्याला मार लागला आणि गेले. भोवती लेक-सुना-नातवंडं होती म्हणून त्या वयात असं स्वतःच्या मर्जीने जगता आलं. पण 'आमची जुनी पद्धत किती छान' असं म्हणून लेखक मोकळा होत नाही. घरातल्या म्हाताऱ्याच्या हाती सगळं राहिलं की तरुणांच्या वाट्याला काय येतं, हेही तो बघतो. म्हणून मला तो विश्वासाचा वाटतो.

त्या पुस्तकाचा गाभा म्हणजे काही साधे प्रश्न. तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला काय कळलं आहे? भीती कशाची वाटते? काय गेलं तरी चालेल, आणि काय गेलं तर जगण्यात राम राहणार नाही? त्यात एका डॉक्टरबाईंची हकीकत आहे. त्यांच्या वडिलांच्या मानेतल्या गाठीचं ऑपरेशन व्हायचं होतं, लुळेपणाचा धोका होता. आदल्या रात्री त्यांनी वडिलांना हेच विचारलं. वडील निवृत्त प्राध्यापक, विद्वान माणूस. ते म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं, तर मी जगायला तयार आहे. लेकीला आश्चर्य वाटलं, कारण त्यांनी फुटबॉल बघितलेला तिला आठवतच नव्हता. ऑपरेशननंतर रक्तस्राव सुरू झाला, पुन्हा उघडायचं की नाही हे मिनिटांत ठरवायचं होतं, तेव्हा तिने सर्जनना एवढंच विचारलं: त्यांना आइस्क्रीम खाता येईल का, फुटबॉल बघता येईल का? येईल म्हणाले. करा म्हणाली. पुढे वडील आणखी दहा वर्षं जगले.

हे वाचलेलं होतं म्हणून आजीला विचारायचं मला सुचलं. तू तेव्हा इथे नव्हतीस, म्हणून सविस्तर लिहिते. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, अतिदक्षता विभागात ठेवू, नळ्या घालू, काही दिवस निघतील. तुझे बाबा गप्प झाले. मी आजीच्या कानाशी जाऊन विचारलं, "सासूबाई, तुम्हाला काय हवं?" मला वाटलं देवाचं काही सांगतील, शांतादुर्गेचं तीर्थ वगैरे. त्या म्हणाल्या, "म्हाका बल्कांवार व्हर." बल्कांवात ने. म्हणजे सोप्यावर, जिथून रस्ता दिसतो.

मग आम्ही त्यांना घरी आणलं. रोज पहाटे बाबा आणि शेजारचा मुलगा मिळून खुर्चीसकट त्यांना उचलून बाहेर ठेवत. पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंपू कोपऱ्यावर वाजला की त्यांची मान त्या दिशेला वळायची. पोदेर सायकल थांबवून हाक मारायचा, मग पुढे जायचा. उंडो पाव खाणं कधीच सुटलं होतं. उकड्या तांदळाची पेज दोन चमचे, तीही कशीबशी. पण मिठातल्या तोराचा, म्हणजे कैरीचा, बारीक तुकडा मी जिभेवर ठेवला की त्यांचा चेहरा क्षणभर आंबट व्हायचा आणि लगेच डोळे लकाकायचे. गिळायला जमायचं नाही. खार चोखून झाला की तुकडा मी बोटाने काढून घ्यायची. त्या पुन्हा तोंड उघडायच्या. तुझा व्हिडिओ कॉल आला की तू दिसायच्या आधीच त्या पदर सारखा करायच्या, आणि नंतर मला म्हणायच्या, पोरीने केस फार कापले. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या केसांची तक्रार चालू होती.

"शेवटी काय?" तू विचारतेस. आजीपुरतं सांगू शकते. शेवटी तोराचा खार होता, पोदेराची हाक होती, रस्त्यावरची ये-जा होती आणि तुझे कापलेले केस होते. मला हे थोडं वाटत नाही. नव्वदीच्या आसपास जगलेल्या बाईचं सगळं आयुष्य गाळून जे उरलं, ते हे. आणि त्यातलं एकही तिचं एकटीचं नव्हतं.

आपल्याकडचं जुनं काही वाचायचं असेल तर कठोपनिषद वाच, अर्थासह. गोष्ट तुला येते: वाजश्रवस यज्ञात गाई दान करतो, पण कसल्या, तर शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. मुलाला ते खटकतं. तो विचारतो, मला कुणाला देणार? पुन्हा पुन्हा विचारतो. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. नचिकेत जातो. यम घरी नसतो, पोरगं तीन रात्री उपाशी दारात बसतं, आणि त्याबद्दल यम तीन वर देतो. प्रवचनकार धावतात ते तिसऱ्या वराकडे, मेल्यानंतर काय उरतं या प्रश्नाकडे. त्यांचं चुकत नाही, उपनिषद आहेच ते त्यासाठी. पण मी दर वेळी पहिल्या वरापाशी थांबते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने सगळ्यांत आधी काय मागितलं? माझ्या बापाचा राग निवू दे, मी परत गेलो की त्याने मला ओळखावं, माझ्याशी बोलावं. आत्म्याचं ज्ञान त्याच्यानंतर.

आता धर्मानंद कोसंबी. त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते आपले, साखवाळचे, जन्म १८७६चा, आणि शाळेच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदापलीकडे तुझ्या पिढीला ते माहीत नाहीत. नारळाच्या बागेत राबणारा, शिक्षण अर्धवट राहिलेला तरुण. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र त्याच्या वाचनात येतं आणि त्याला दुसरं काही सुचेनासं होतं. १८९९च्या अखेरीस तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. कुठे अन्नछत्रात जेवून, कुठे उपाशी, संस्कृत आणि पाली शिकत. पुढे हाच माणूस अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावला जातो. हे सगळं त्यांनी 'निवेदन'मध्ये लिहिलं आहे, १९२४ साली, इतक्या साध्या मराठीत की शिकवताना मी त्याचे उतारे मुलांना वाचून दाखवायची. पार्सलमध्ये ते आहे.

'निवेदन' वाचताना तू बाळाबाईंना विसरू नकोस. हा माणूस जीवनाचा अर्थ शोधायला निघाला तेव्हा घरी त्याची बायको होती आणि तान्ही मुलगी होती. कोसंबी ते झाकत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण एकजण अर्थ शोधायला जातो तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी सांजवात लावायला घरात राहावं लागतं, आणि त्या राहणारीने काय विचार केला हे कुठल्या पुस्तकात येत नाही. त्या बाईला पडलेले प्रश्न कमी प्रतीचे होते असं मी मानत नाही.

त्यांचं 'भगवान बुद्ध' हेही पाठवते आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ गुपचूप रात्री निघून गेला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती कथा मागाहून जोडलेली आहे, असं कोसंबी पाली ग्रंथांच्या आधाराने दाखवतात. जुन्या सुत्तात आईवडील रडत असताना त्यांच्यासमोर तो घर सोडतो. आणि अस्वस्थतेचं एक कारण असं सांगितलेलं आहे, की थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांवर शस्त्रं उगारून तडफडताना त्याने पाहिली. जरा-मरणाचा विचार होताच, पण माणसं एकमेकांशी कशी वागतात हेही त्याच्या डोळ्यांसमोर होतं. मला हे वाचून फार बरं वाटलं.

किसा गोतमीची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा बघ. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. आपण लगेच तात्पर्याकडे जातो, मरण सगळ्यांना आहे म्हणून. मी विचार करते तो त्या दारांचा. प्रत्येक दारात तिने विचारलं असेल, प्रत्येक घराने आपलं गेलेलं माणूस सांगितलं असेल. आमची मुलगी, आमचा थोरला, आमची सून. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्यांचं दुःख तिने ऐकलं होतं. तिने मूल खाली ठेवलं ते त्यानंतर.

कोसंबींच्या शेवटाबद्दल तू कुठेतरी वाचशीलच, म्हणून लिहिते. सत्तरी गाठलेली, शरीर दुखण्याने पोखरलेलं, हातून आता काही काम होत नाही असं वाटल्यावर त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला. शेवटी सेवाग्रामला ४ जून १९४७ रोजी ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याबद्दल बोलले. जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्यामावरचं, म्हणजे चार व्रतांवरचं, त्यांचं पुस्तक मी पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणून वाचलं. ते परत द्यायचं आहे म्हणून पाठवत नाही. त्या शेवटापुढे मी नमस्कार करते आणि तरी माझं मन त्याला पूर्ण होकार देत नाही. 'काम होत नाही' म्हणजे जगण्याचा हक्क सरला, हे मला मान्य नाही. आजी शेवटचे महिने कुणाच्या कसल्याच 'कामाची' नव्हती. तरी घर तिच्याभोवती फिरत होतं.

इथे व्हिक्टर फ्रँकल उपयोगी पडतो. व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ, ज्यू म्हणून नाझींनी धरला, छावण्यांतून फिरला. ऑशविट्झला त्याच्या अंगरख्यात लपवलेलं हस्तलिखित गेलं. त्याच्या बदल्यात एका मारल्या गेलेल्या कैद्याचा फाटका कोट मिळाला, आणि त्याच्या खिशात प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान. बायको छावणीतच गेली. १९४६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं, इंग्रजीतलं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग', मराठी भाषांतर झालेलं आहे, तेच पाठवते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आयुष्याकडून मला काय मिळणार हा प्रश्नच उलटा करावा. आयुष्य रोज आपल्याला विचारत असतं, आणि उत्तर द्यायचं ते बोलून नव्हे, वागून. छावणीत दोघेजण म्हणायचे, आता जगण्याकडून काही अपेक्षा उरली नाही. बोलता बोलता निघालं, की एकाचं लाडकं मूल परदेशात त्याची वाट बघत होतं, आणि दुसऱ्याचे ग्रंथ अर्धे राहिले होते, ते त्याच्याशिवाय कुणी पुरे करू शकत नव्हतं. फ्रँकलने त्यांना तत्त्वज्ञान सांगितलं नाही. तुमची वाट कोण बघतंय, तेवढं विचारलं.

त्याच पुस्तकात मरायला टेकलेली एक तरुणी आहे. खोपटाच्या खिडकीतून तिला चेस्टनटच्या झाडाची एकच फांदी दिसते, दोन मोहोरांची. ती झाडाशी बोलते. ते उत्तर देतं का, असं फ्रँकल विचारतो. देतं, म्हणते, म्हणतं, मी इथे आहे, मी जीवन आहे. हे पान मी आजीच्या शेजारी बसून वाचलं होतं.

बाकीची भराभर सांगते. पॉल कलानिधींचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' तू स्वतः घे, पण सगळ्यांत शेवटी वाच. मेंदूचा सर्जन, फुप्फुसाचा कर्करोग, सदतिसाव्या वर्षी गेला; पुस्तक अपुरं राहिलं ते २०१६ साली निघालं आणि शेवटचा भाग त्याच्या बायकोने लिहिला. तू अजून हळवी आहेस, सध्या ते सोसणार नाही. अर्नेस्ट बेकरचं 'द डिनायल ऑफ डेथ' १९७३चं. लेखक वारल्यावर दोन महिन्यांत त्याला पुलित्झर मिळालं. माणसाची सगळी संस्कृती मरणाचा विसर पडावा म्हणून उभी आहे, असा त्याचा दावा. वाचनीय आहे, पण अर्धाच खरा. आजीने म्हातारपणी कुळागरात, घरच्या बागायतीत, माड लावले ते मरण विसरण्यासाठी लावले नव्हते. मरणार हे पक्कं ठाऊक होतं म्हणूनच लावले. इरावतीबाईंचं 'युगान्त' तुझ्या कपाटात आहे, ते पुन्हा वाच. महाभारतातली माणसं कशाचाही आडोसा न घेता शेवटाला कशी सामोरी जातात ते त्यांच्याइतकं स्वच्छ मराठीत कुणी लिहिलेलं नाही. आणि जीव फारच कोंडला तर बोरीच्या बाकीबाबांची, म्हणजे बा. भ. बोरकरांची, 'जीवन त्यांना कळले हो' मोठ्याने म्हण. मीपण पिकल्या फळासारखं सहज गळून पडतं, असं त्यांना म्हणायचं आहे. मनात वाचू नकोस, म्हणच.

आता एक कामाची गोष्ट. आपल्याला बोलता येईनासं झालं तर कुठवर उपचार करावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात मान्य केला. तेव्हाची पद्धत किचकट होती. २०२३ साली ती सोपी झाली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या गोवा खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी स्वतः असं इच्छापत्र नोंदवलं, तेव्हापासून इथे लोक त्याविषयी बोलू लागले आहेत. बाबा आणि मी, दोघांनीही कागद करायला घेतले आहेत. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, ती नावं त्यात घालावी लागतात. माझ्या कागदात मला तुझं नाव घालायचं आहे. कच्चा मसुदा 'निवेदन'मध्ये ठेवला आहे.

तो वाचून घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही, रक्तदाबाची गोळी सोडली तर काही चालू नाही. पण तुझ्या संमतीशिवाय नाव घालणार नाही, आणि ती फोनवर नको. चवथीला येशील तेव्हा गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की बस माझ्याजवळ, आणि गवांदेंच्या पुस्तकातले ते प्रश्न मला एकेक करून विचार. काही उत्तरं माझी तयार आहेत, काही तुझ्याशी बोलल्यावरच ठरतील. त्यानंतर मीही तुला काही विचारणार आहे. तुला काय गेलं तरी चालेल आणि काय गेलेलं चालणार नाही, ते. तुझ्या वयाला हे विचारायचं नसतं असं कुणी म्हणेल, पण प्रश्न तूच काढला आहेस.

रात्री जाग आली तर मेसेज टाकत बसू नकोस, सरळ फोन कर. बाबा उठतील म्हणून संकोच करू नकोस.

तुझी,
आई